लिंबाचा कोपरा

"आजून मागं घ्या वो," सूर्यभानची बायको अश्विनी म्हणाली.

सूर्यभाननं चित्र मागं घेतलं. बाराव्यांदा. त्याची आई, भीमाबाई, ग्रामपंचायतीच्या कचेरीतल्या पडद्यावर उलट्या पावलांनी काळ्यातून बाहेर आली आणि बाजारात माघारी गेली. मग त्यानं पुन्हा पुढं सोडलं. हिरवं लुगडं, हातात शेवेची पुडी. म्हातारीनं कॅमेऱ्याकडं बघून हात हलवला आणि काळ्यात शिरली. ती शिरली ती शिरलीच.

काळं म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातला चौकोन. तो सूर्यभाननंच आपल्या हातानं घातलेला.

खडकवस्ती काष्टीपासून कोसभर. बाजारात सोळा कॅमेरे बसले आणि ग्रामपंचायतीचं नेटही त्याच दिवशी बसलं. लाईन एकच, तिच्यावरच सोळा डोळे आणि तिच्यावरच दाखले. एकानं म्हणे लेकीच्या जन्माचा दाखला मागितला. तो हातात पडला तेव्हा लेक मागं रांगेत उभी होती, कडेवर स्वतःचं पोर घेऊन! खोटं वाटत असेल तर त्या रांगेतल्या कुणालाही विचारा.

सूर्यभान मूळचा पंपाच्या जळक्या मोटारींत नवी तार भरणारा. कॅमेरे तो बघून बघून शिकला. नेट कोण खातंय ते शोधायला तीन दिवस पडद्यापुढं बसला आणि चोर सापडला. लिंब! माणसं दम खायची, गुरं बसायची, पण बाजारतळावरचा लिंब काही थांबत नव्हता. लाख पानं हलायची, आणि कॅमेरा एकेक पान इमानानं कचेरीत पाठवायचा. सूर्यभाननं लिंबावर काळा चौकोन टाकला. बाकीच्या कॅमेऱ्यांची चित्रं जराशी बारीक केली. दाखले धडाधड निघायला लागले. गावानं शाल-नारळ दिला. भीमाबाई पुढच्या ओळीत बसून ज्याला त्याला सांगत होती, "माझ्या सूर्यानं आख्खं झाड पुसलं, बोटबी न लावता!"

वर्षभरात म्हातारीचं ध्यान उडत चाललं. भाकरी तव्यावर टाकून ती तवाच शोधायची. घरी एकटी ठेवायची सोय राहिली नाही, म्हणून त्या बाजारी सूर्यभाननं तिला बरोबर आणलं. कचेरीतून बोलावणं आलं, दाखल्याचं मशीन अडलं होतं. त्यानं तिला लिंबाच्या पारावर जायला सांगितलं.

"आये, पारावरच बस. हलू नको. त्यो बघ कॅमेरा. म्या आतून बघतोय तुला."

"दिसंन का रं मी?"

"न दिसायला काय झालं?"

"मंग जा. तू बघतोय म्हनल्यावर मी कशाला हरवतीय!"

तो अर्धा तास कचेरीत होता. पडदा त्याच्या हाताशीच होता. पण त्या काळ्या चौकोनाची डोळ्यांना इतकी सवय झालेली की नजर त्यावरून घसरून जायची. बाहेर आला तर पारावर शेवेचा कागद, आणि म्हातारी नाही. पाराच्या मागून जी बोळ डांबरी रस्त्याला लागते, तीही त्याच काळ्याखाली.

आज आठवा दिवस. काष्टीचा स्टँड झाला, श्रीगोंदा झालं, दौंडचं रेल्वे स्टेशन झालं. पोलिसांनी विचारलं, "कुठल्या दिशेला गेल्या?" सूर्यभाननं पडद्यावरच्या काळ्या चौकोनाकडं बोट दाखवलं. देवळाच्या भोंग्यावर हिरव्या लुगड्याची खूण सांगून सांगून पुजाऱ्याचा घसा बसला.

"उठा आता," अश्विनीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "त्या काळ्यात काय न्हाई."

"हाय. आय हाय त्यात," तो म्हणाला. "म्या झाकलीय तिला."

"उघडा की मंग."

"मागलं उघडत न्हाई गं. जे झाकलं ते आलंच न्हाई कधी हितवर."

मग त्यानं इथून पुढचं तरी उघडलं. काळा चौकोन काढला. बाकीच्या कॅमेऱ्यांची चित्रंही पहिल्यासारखी मोठी केली. लिंब पडद्यावर परत आला, सळसळत, सगळ्या पानांनिशी. पार मोकळा होता.

थोड्या वेळानं ग्रामसेवक भाऊसाहेब धावत आत आले. "सूर्यभान, नेट गेलं! बाहेर चाळीस मानसं हायेत. त्ये काळं टाक बाबा परत."

सूर्यभाननं मान वर केली नाही. "ती आली तर पारावरच येईल, भाऊसाहेब. बसायला सांगितलंय म्या."

भाऊसाहेब दाराकडं वळले. दारात भेळवाला छगन उभा होता, रांगेत पहिला. शेवेची पुडी त्यानंच दिली होती भीमाबाईला, दर बाजारासारखी, फुकट.

"ऱ्हाऊ द्या, भाऊसाहेब."

"आरं, तुझाच दाखला अडलाय. उद्या कोर्टात तारीख हाय ना तुझी?"

"हाय. पन ऱ्हाऊ द्या."

मागून कुणीतरी करवादलं, "आमी किती थांबायचं?" छगन कचेरीच्या पायरीवर टेकला. त्याच्यामागं दुसरा टेकला. हळूहळू रांग खाली बसत गेली.

आत दाखल्याच्या मशीनवर थांबा म्हणणारं चाक फिरत राहिलं. पडद्यावर वारं सुटलं, एक हिरवी फांदी पारावर झुकली, आणि सूर्यभान खुर्चीतून अर्धा उठला.