कोटाच्या शिवणीतलं कापड

नवराबायको एकाच दुकानात शिवायचे. तो कापायचा, ती मशीनवर बसायची. दुकानाचा नियम एकच होता. कपडा घट्ट करायला आत घेतला तरी शिवणीतलं जादा कापड कापायचं नाही. ती म्हणायची, "माणूस काय, आज बारीक, उद्या जाड. कापड असलं की उसवता येतं."

मग तिला अंडाशयाचा कॅन्सर निघाला, तोही दुर्मीळ प्रकारचा. ऑपरेशन झालं. केमो सुरू व्हायच्या आधी त्याने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "बरं व्हायची शक्यता किती?"

"नेमका आकडा नाही देता येणार. असे पेशंटच फार थोडे असतात. औषधंसुद्धा दुसऱ्या कॅन्सरवरून बेतलेली आहेत."

"म्हणजे दुसरीच्या मापावर माझा कपडा!" ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. "हो, पण दर वेळी फिटिंग बघणार."

त्याला काही हसू आलं नाही. आकडा नाही म्हणजे आशा नाही, असं त्याने मनाशी धरलं.

केमोने ती वाळून काटकी झाली. तिचा आवडता निळा कोट अंगावर लोंबायला लागला. "जरा आत घ्या हो. यात अजून एक बाई मावेल." त्याने कोट आत घेतला आणि शिवणीतल्या जादा कापडावर कात्री चालवली.

कोट घालताना तिची बोटं सवयीने शिवणीवरून फिरली आणि थांबली.

"कापलंत?"

"जाड लागत होतं. टोचलं असतं तुला."

"गिऱ्हाईकं भांडली तरी कुणाचं कापलं नाहीत, आणि बायकोलाच बरं टोचायला लागलं! मी परत अंगाने भरणार नाही, असं ठरवूनच टाकलंत ना? डॉक्टरांनी दिला नाही तो आकडा तुम्ही दिलात."

तो मान खाली घालून म्हणाला, "चुकलो."

"रडू नका, कापडावर डाग पडतात. कापलेल्या पट्ट्या कुठायत?"

"चिंध्यांत."

"मग शोधा."

तो टेबलाखाली शिरला. ती खुर्चीतून हुकूम सोडत होती. "तो तुकडा काळा. अहो, तोही काळाच! चष्मा कशाला घेतलाय, शोभेला?" शेवटी पट्ट्या सापडल्या. तिने त्यांना इस्त्री केली आणि बटणांच्या डब्यात ठेवून दिल्या.

केमो संपली. तपासण्या होत राहिल्या. दर वेळी डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "काही दिसत नाही. पुढच्या तारखेला या." केस आले, मग भूक आली. ती त्याच्या ताटातलंही उचलू लागली.

थंडी पडली तशी तिने कपाटातून कोट काढला. बटण काजापर्यंत पोचेना. तिने पोट आत ओढलं, श्वास धरला, तरी नाही.

"बघा तुमची करणी!" ती ओरडली, पण चेहरा असा फुलला होता की त्याला हसू आवरेना. हसता हसताच त्याने डबा उघडला आणि दोन्ही बाजूंची शिवण उसवून पट्ट्या जोडल्या.

"जोड दिसतोय गं."

"दिसू दे. कुणी विचारलं तर सांगेन, शिंपी घाईचा होता."

तिने आत हात घालून चाचपलं. या वेळी उरलं तेवढं कापड त्याने न कापता आतच ठेवलं होतं. मग तिने बटण लावलं.