नवऱ्याच्या नावाचं प्रमाणपत्र

शेवटच्या परीक्षेत पास झाल्याचं मोबाइलवर झळकलं आणि सूनबाईचा आनंद गगनात मावेना. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची देखभाल कशी करायची, हे फुकटात शिकवणारा ऑनलाइन कोर्स तिनं भाजी चिरता चिरता, कपडे वाळत घालता घालता तडीस नेला होता. प्रात्यक्षिकाला सासूबाई घरातच होत्या. कंबरेचं हाड मोडल्यापासून त्या पलंगावरच. "कर बाई, काय प्रयोग करायचेत ते कर माझ्यावर," म्हणायच्या आणि हसायच्या.

गल्लीच्या टोकाला असलेल्या वृद्धाश्रमात कामाची एक जागा होती. तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, "प्रमाणपत्र आणा, महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवते." लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिला कुणी कामासाठी बोलावलं होतं.

तिनं प्रमाणपत्र उघडलं. त्यावर नवऱ्याचं नाव!

आता यात कोर्सवाल्यांची तरी काय चूक? नाव नोंदवलं होतं नवऱ्यानंच, आई पडली तेव्हा, मोठ्या उत्साहात. पहिल्या धड्यालाच स्वारी जांभया द्यायला लागली. मग हिनं तिथूनच पुढे सुरू केलं, नवऱ्यानं अर्धवट टाकलेलं ताट संपवावं तसं. खातं कुणाचं, हा विचार मनाला शिवलाही नाही.

तिनं मदतीसाठी लिहिलं. क्षणात उत्तर आलं, 'नाव बदलता येत नाही. शुभेच्छा.' पुन्हा लिहिलं, पुन्हा शुभेच्छा. दार सताड उघडं, आत यायला कुणाची ना नाही, पण हाक मारली तर ओ द्यायला माणूस नाही! तिला रडूच फुटलं.

नवरा छापखान्यातली रात्रपाळी करून नुकताच आला होता. त्यानं मोबाइल बघितला. "अरे वा, मी पास झालो की! मग मीच जातो कामाला."

तिनं असं काही पाहिलं की त्यानं जीभ चावली. "चेष्टा केली गं. पण तू कामाला गेलीस तर आईचं कोण बघणार?"

"तू," पलंगावरून सासूबाई म्हणाल्या. "प्रमाणपत्र तुझं आहे ना? मग चल, वळव मला कुशीवर."

तो तावातावानं पुढे झाला खरा, पण हात कुठे घालावा कळेना. शेवटी खांद्याला धरून ओढलं, तशा सासूबाई कळवळल्या. त्याचा चेहरा पडला. एवढ्या दिवसांत त्यानं आईला एकदाही वळवलं नव्हतं, हे त्याला तेव्हाच कळलं.

सूनबाईनं डोळे पुसले. नवं खातं उघडलं, स्वतःच्या नावानं. सगळे धडे पहिल्यापासून, परीक्षासुद्धा. महिना संपत आला होता, पण जमवायचंच होतं. तिनं मोबाइल उशीला टेकवून ठेवला.

"बसा इथं," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि या वेळी जांभया द्यायच्या नाहीत."

पहिला धडा सोपा होता. आधी हात गरम करा, आणि काय करणार आहात ते त्या माणसाला सांगा.

त्यानं तळहात एकमेकांवर चोळले. "आई," तो म्हणाला, "तुला वळवतो हं आता."

"वळव की," सासूबाई म्हणाल्या. "कधीची वाट बघतेय."