उघडं ठेवलेलं फाटक

मी एक जुनं फाटक आहे, मित्रांनो, आणि माझी गोष्ट ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही. नेवाडातल्या एका उंच, कोरड्या खोऱ्यात दोन कुरणांच्या मधल्या कुंपणात मी उभं आहे. इथे पाऊस नावालाच पडतो आणि शेजाऱ्याकडे जायचं तर दुपार मोडते.

विल्माच्या वडिलांनी मला ज्युनिपरच्या लाकडातून घडवलं. "याला बैल धडकला तरी बैलच रडेल," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि मी फुशारून जात असे. पुढे ते वारले. त्यांचा मुलगा रॉइस शहरात नोकरीला लागला आणि गुरं एकट्या विल्माच्या गळ्यात पडली. माझ्या बिजागऱ्यांना तेल द्यायला तिला सवड कुठली?

त्या उन्हाळ्यात पलीकडच्या कुरणातलं तळं आटलं. गुरांना अलीकडच्या हौदावर येता यावं म्हणून विल्माने मला सताड उघडून खांबाला तारेने बांधलं. मग डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती शहरात निघाली. तिला न्यायला रॉइस आला होता. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तो पाय मोकळे करायला माझ्यापर्यंत आला. गुरं तेव्हा पलीकडे दूर चरत होती. मला उघडं पाहून तो चुकचुकला, तार सोडली आणि मला लावून टाकलं. मोठ्या मायेने केलं त्याने ते.

गुरं पाण्यासाठी परत आली तेव्हा ते दोघे पहाटेच्या अंधारातच निघून गेले होते. हौद त्यांना समोर दिसत होता. ती हंबरली, त्यांनी मला ढुशा दिल्या, माझ्या फळ्या चाटल्या. मी काही हलेना. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या मजबुतीची लाज वाटली.

आठवड्याने गाडी आली.

"तुझं फाटक लावून ठेवलंय बरं का," रॉइस हसत सांगत होता. "उघडंच टाकून निघाली होतीस. बाबा असते तर कान उपटले असते तुझे."

विल्माने गाडी थांबवायला लावली. माझ्या पायाशी अख्खा कळप आडवा पडला होता.

"मुद्दाम ठेवलं होतं रे," ती म्हणाली. "पाण्यासाठी."

"मला वाटलं, तू विसरलीस."

"विचारायचं होतंस."

रॉइसने धावत येऊन मला उघडलं आणि तसाच मला धरून उभा राहिला. पलीकडून कोणीच आलं नाही.

आता हौद कोरडा आहे आणि विल्माही इथे राहत नाही. मित्रांनो, कुणाच्या रानातलं फाटक जसं दिसेल तसंच राहू द्या. ते उघडं का आहे, हे आम्हाला सांगता येत नाही.