आतून हलतेय

"ठेवायची की काढायची?" डॉक्टरबाईंनी विचारलं, आणि खुर्चीत आडव्या पडलेल्या ट्रकवाल्याने डॉक्टरबाईंकडे न बघता सिस्टरकडे बघितलं. अलीकडे सगळ्यांचं असंच व्हायला लागलं होतं. दाढेबद्दल डॉक्टरबाईंना विचारावं, पण पैशांबद्दल विचारायचं तर ट्रे धरून उभ्या असलेल्या बाईची नजर बरी, असं लोकांना वाटत असावं.

सगळे तिला सिस्टर म्हणत. खरं तर ती नर्स नव्हे. शिकली होती टायपिंग, पण पांढरा कोट घालून उभं राहिलं की लोक नातं जोडून मोकळे होतात. पूर्वी पेशंट विचारायचे, दुखेल का? आता विचारायचे, किती होतील? रूट कॅनाल करून वर कॅप बसवली तर दाढ वाचते, खिसा वाचत नाही. काढून टाकली तर नेमकं उलटं. ट्रकवाल्याने विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाला, "काढा. अजून पुष्कळ आहेत." हा विनोद तिने त्या महिन्यात बऱ्याच तोंडांतून ऐकला होता, तरी ती हसली. हसणं फुकट होतं.

डॉक्टरबाईंचा हा प्रश्न तिने एकदा गंमत म्हणून घरी नेला आणि तो तिथे मुक्कामालाच राहिला. फ्लॅट घेताना कर्जाचा व्याजदर बदलता होता. पहिल्यांदा दर चढला तेव्हा बँकवाले गोडीगुलाबीने वागले. हप्ता तोच ठेवला आणि वर्षं वाढवली. नवऱ्याला ते बरंच वाटलं, कारण वर्षं काही दर महिन्याला खिशातून जात नाहीत. पण पुढच्या वाढीला वर्षंही पुरेनात. नवरा छापखान्यातून निवृत्त होईल त्याच्या पुढे बँक यायला तयार नव्हती. मग हप्ता वाढला, आणि श्वास घेतोय तोवर पुन्हा वाढला. "व्याजदर तरंगता असतो म्हणे," नवरा म्हणाला, "आणि बुडायचं मात्र आपण." त्यातच तेल, दूध, गॅस, लेकीच्या बसचा पास, सगळ्यांना एकाच वेळी पंख फुटले.

मग रविवारी जेवणं उरकली की दोघं टेबलाशी बसत आणि घरातल्या एकेका खर्चाचं तोंड उघडून बघत. वर्तमानपत्र? काढा. लेकीचा पोहण्याचा क्लास? परीक्षेपर्यंत ठेवा. फळं? निम्मी ठेवा. सुरुवातीला हसू यायचं. एकदा सासूबाई खिडकीशी स्वेटर उसवत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आणि माझं काय ठरलं? ठेवायचं की काढायचं?" नवरा पोट धरून हसला. सिस्टरही हसली, पण जरा उशिराने. याच घराच्या पहिल्या रकमेत सासूबाईंची होती नव्हती ती सगळी पुंजी गेली होती, आणि ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

सासूबाई बोलून दाखवायच्या ते एकच. त्यांची बत्तिशी. त्यांच्या बरोबरीच्या बायका कवळ्या पेल्यात काढून ठेवून झोपत, आणि यांचा एक दात इकडचा तिकडे झाला नव्हता. पावाची कडक कड त्यांना लागायची. पावाचं टोक कापलं की ते त्यांच्या ताटलीत जायचं, हा घरचा कायदा होता. "लोकांचं कसं, दात आहेत तर चणे नाहीत," त्या म्हणायच्या. "माझं म्हणाल तर चणे कमी पडतील, दात नाही."

त्यांची दाढ दुखायला लागली ती अशा दिवसांत. दोन दिवस त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. तिसऱ्या दिवशी चहा डाव्या गालात धरताना सिस्टरने पकडलं. स्वयंपाकघरात उजेडाकडे तोंड करून बसवलं, मोबाइलची बॅटरी लावली आणि चमच्याच्या दांड्याने एकेक दाढ ठोकून बघितली. उजवीकडची खालची ठोकल्यावर सासूबाईंनी तिचं मनगट पकडलं. तिने दाढ दोन बोटांत धरून हलवली. जमिनीत पुरलेल्या खुंटीसारखी पक्की होती. कीड आत उतरली होती, एवढंच. रूट कॅनाल आणि वर कॅप. सिस्टरने अशा कितीतरी दाढा वाचताना बघितल्या होत्या.

डॉक्टरबाईंनी आपल्या कामाचे पैसे घेतले नसते, हेही तिला माहीत होतं. पण कॅप बाहेरच्या लॅबमधून येते, ती काही फुकट येत नाही. तीही त्यांनी स्वतःच्या खिशातून घातली असती, आणि घोडं तिथेच अडलं होतं. हप्ता दुसऱ्यांदा वाढला तेव्हा सिस्टरने त्यांच्याकडून पगारावर उचल घेतली होती. "फेडायची घाई नाही," त्या म्हणाल्या होत्या, आणि त्या एका चांगल्या वाक्याने हिची वाचा बसली होती. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडणाऱ्या बाईला स्वतःला मागायला तोंड नव्हतं.

"काय म्हणतेय माझी दाढ?" सासूबाईंनी विचारलं.

"काढावी लागेल, आई. हलतेय."

सासूबाईंनी जीभ लावून बघितली. "मला तर पक्की वाटते."

"आतून हलतेय," सिस्टर म्हणाली.

असं काही नसतं. दाढ हलते किंवा हलत नाही. पण सासूबाईंनी मान डोलावली. घरातल्या माणसाला दातांतलं कळतं याचा त्यांना भारी अभिमान होता. शेजारणींना त्या सांगायच्या, आमची सून अर्धी डॉक्टरच आहे. सिस्टरने चमचा धुतला, पुसला, पुन्हा धुतला. लाज वाटली की माणसाला हाताला काहीतरी काम लागतं.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरबाईंना सांगितलं की सासूबाईंना दाढ काढूनच हवी आहे, पुन्हा पुन्हा येणं-जाणं त्यांना नको वाटतं. डॉक्टरबाई बरं म्हणाल्या. एक खोटं घरात, एक दवाखान्यात, आणि मध्ये आपण उभ्या. दोन्ही खोटी एकमेकांना भेटणार नाहीत अशी तिची समजूत होती. इतकी वर्षं त्या खुर्चीशेजारी उभं राहूनही तिला हे सुचलं नाही की डॉक्टरबाई काढण्याआधी प्रत्येकाला एकदा विचारतातच.

सासूबाई चांगली साडी नेसून आल्या होत्या, सुनेच्या कामाच्या ठिकाणी जायचं म्हणून. खुर्ची मागे गेली तशा त्या कोपऱ्यातल्या पंख्याचं, भिंतीवरच्या घड्याळाचं कौतुक करत होत्या. डॉक्टरबाईंनी आरसा आत घातला, दाढ ठोकली, हलवून बघितली आणि हात बाहेर काढला.

"आजी, ही दाढ अजिबात हलत नाहीये बरं का. कीड आहे, पण वाचेल. सिस्टर म्हणाल्या, तुम्हालाच नकोय. तरी एकदा विचारते. ठेवायची की काढायची?"

सिस्टरच्या हातात लाळ ओढायची नळी होती. ती सूं सूं करत हवाच ओढत राहिली. सासूबाईंनी तोंड मिटलं. मान वळवून सुनेकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर सिस्टरला परवडला असता. त्या नुसत्या बघत राहिल्या, आणि बघता बघता त्यांना सगळं कळलं. रविवारची टेबलाशी होणारी कुजबुज, निम्मी फळं, वाढलेला हप्ता, सगळं. मग त्यांनी मान पुन्हा सरळ केली.

"काढा," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं तिला. घरी ठरलंय आमचं."

खालची दाढ काढताना जबडा कुणीतरी खालून धरावा लागतो. ते सिस्टरचं काम. तिने सासूबाईंची हनुवटी तळहातावर घेतली. आतून हलणारी दाढ निघता निघेना. डॉक्टरबाईंना घाम फुटला, दोनदा पकड बदलावी लागली, आणि त्या सगळ्या वेळात सासूबाईंचे डोळे मिटलेले होते आणि त्यांच्या हनुवटीचा सगळा भार सुनेच्या हातावर होता. शेवटी दाढ ट्रेमध्ये टक्कन पडली. डॉक्टरबाईंनी ती दिव्याखाली धरली.

"मुळं बघा, सिस्टर. आणखी दहा वर्षं आरामात काढली असती हिने."

"हो," सिस्टर म्हणाली. दाढ कचऱ्याच्या पिशवीत टाकणं हेही तिचंच काम होतं. ते तिने केलं.

घरी येताना सासूबाई कापूस दाबून चालत होत्या, त्यामुळे बोलणं नव्हतं. सिस्टरला ते बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच जास्त लाज वाटली. कोपऱ्यावर तिने धीर केला. "आई, मी…" म्हणाली. सासूबाईंनी हात वर करून गालाकडे बोट दाखवलं. कापूस आहे, बोलायचं नाही, तूच सांगितलंस. मग रस्ता ओलांडताना त्यांनी नेहमीसारखा तिचा दंड धरला.

गालाची सूज उतरायला तीन-चार दिवस लागले. सूज उतरली त्या रात्री सगळे दाढ काढल्यानंतर पहिल्यांदाच एकत्र जेवायला बसले होते. नवऱ्याला दाढेचं खरं काहीच माहीत नव्हतं. पाव कापता कापता त्याने सहज विचारलं, "आई, वाचण्यासारखी नव्हतीच का गं?"

सिस्टरचा घास हातात राहिला.

"नव्हती रे," सासूबाई म्हणाल्या. "आतून हलत होती."

त्याने मान हलवली आणि नेहमीप्रमाणे त्याचं कडक टोक आईच्या ताटलीत टाकलं. सासूबाईंनी ते उचललं, आमटीत बुडवावं की काय असा जरा विचार केला, आणि हात लांब करून सुनेच्या ताटलीत ठेवलं.

"हे आता तू घेत जा," त्या म्हणाल्या. "तुझे दात चांगले आहेत."

नवरा हसला. लेक म्हणाली, मला का नाही? सिस्टरने ती कड तोंडात घातली. चांगलीच कडक होती. चावताना तिचा आवाज होत होता, आणि तो होऊ नये म्हणून ती सावकाश, खाली मान घालून, संपेपर्यंत चावत राहिली.