तर आणि तरी

आमच्या दुकानात नव्या माणसाला पहिल्या दिवशी हसायला शिकवतात.

मोबाइल, टॅब, कानात घालायचे हेडफोन असलं सगळं विकणारं दुकान. काचेच्या भिंती आणि सावली पडू न देणारे पांढरे दिवे. शिकवायला जो माणूस यायचा त्याला आम्ही आपसात गुरुजी म्हणायचो. गुरुजींनी आम्हा सहाजणींना ओळीत उभं केलं. "वाढीव वॉरंटी विकताना वाक्य एकच. 'काही झालं तर आम्ही आहोत.' म्हणा."

आम्ही म्हटलं.

"आता हसून. 'तर'वर हसा."

हसलं की ओठ ताणले जातात, आणि ताणलेल्या ओठांतून 'तर' निघता निघता त्याला हळूच वेलांटी फुटते. काही झालं तरी आम्ही आहोत.

"खोटं बोललं का कुणी?" गुरुजी म्हणाले. "नाही. ऐकणारा आपल्या मनाचं ऐकतो. त्याला आपण काय करणार?"

मला ते सगळ्यांच्या आधी जमलं. शेजारच्या काउंटरवरची म्हणायची, "हिच्या जिभेवर साखर नाही गं, पाकच आहे." मीही हसायचे. भिंतीवरच्या विक्रीच्या यादीत माझं नाव वर वर चढत गेलं.

कागदावर खरं काय लिहिलंय ते मला पाठ होतं. कंपनीची पहिल्या वर्षाची हमी संपली की ही सुरू होते, आणि तीही वस्तू आपल्या आपण बिघडली तरच. पडली, भिजली, कुणाच्या बुडाखाली आली, तर नाही. आणि माणसांच्या हातातल्या वस्तू आपल्या आपण कमी बिघडतात, पडतात जास्त. माझ्या स्वतःच्या फोनला मी ती कधी घेतली नाही. जाड कव्हर घातलं आणि गप्प बसले.

मग एका सकाळी मावशी आली.

आई गेल्यावर मला मावशीनं वाढवलं. ती कपडे शिवते. गिऱ्हाइकं तिला फोनवर नमुन्यांचे फोटो पाठवतात. ती फोन मशीनच्या फळीवर टेकवून ठेवते, एक डोळा त्याच्यावर, एक डोळा सुईवर. जुना फोन विझला तसं तिचं काम अडलं. दोन बस बदलून, इस्त्रीचे कपडे घालून ती माझ्या काउंटरपुढं उभी राहिली.

"आधी कळवायचं तरी मावशी!"

"का? मी गिऱ्हाईक नाही होय? तुझ्याच हातून घ्यायचा होता."

फोन निवडून झाला. मावशीनं तो तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांत धरला. मग म्हणाली, "आणि ती वॉरंटी का काय, ती घेऊ का गं? तू सांगशील तसं."

माझ्या पाठीमागं मॅनेजर येऊन थांबला होता. त्याच आठवड्यात माझी नोकरी पक्की करायची की नाही ते ठरणार होतं. मला म्हणता आलं असतं, मावशी, नको. चांगलं कव्हर घे आणि फोन फळीच्या कडेला ठेवू नकोस. एवढंच.

मी हसले. "घे ना मावशी. काही झालं तर आम्ही आहोत."

तिनं माझ्याकडं पाहिलं. थोडा जास्तच वेळ. मग म्हणाली, "बरं. सही कुठं करू, दाखव."

नोकरी पक्की झाली. नव्या फोनवरून मावशीचा पहिला निरोप आला तो आवाजाचा. मागं मशीनची टकटक, आणि तिच्या लयीत मावशी. काम करता करता ओळी जुळवायची तिला खोडच आहे.

सुई माझी गं बारीक, दोरा ओविते मी लांब,
भाची बोलते दुकानी, जसा घराचा गं खांब.

मी तो निरोप एकदाच ऐकला. उत्तर दिलं नाही. महिनाभर कामाचं निमित्त सांगून तिच्याकडं गेलेही नाही.

चौथ्या महिन्यात फोन फळीवरून पडला. मला तिनं कळवलं नाही. दुकानाच्या मागच्या बाजूला दुरुस्तीची खिडकी आहे, तिथं रांगेत ती मला एकदम दिसली. कागदाला तिनं कापडी पिशवी शिवली होती, घडी मोडू नये म्हणून. खिडकीवाल्यानं कागद वाचला, तडकलेली काच बघितली.

"आजी, पडलेल्याला नाही चालत ही."

"अहो पण, काही झालं तरी तुम्ही आहात ना?"

"असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मावशीनं वळून पाहिलं. मी कापड उचललं आणि भिंतीची लख्ख असलेली काच पुसायला लागले.

"कुणी नाही हो," ती म्हणाली. "माझ्याच कानांचा घोटाळा. जन्मभर मशीनची खडखड ऐकून कान गेलेत माझे."

रांगेतला एक गृहस्थ म्हणाला, "कानांची वॉरंटी संपली म्हणायची, आजी!"

सगळे हसले. मावशीही हसली. "वाढवून मिळते का बघते आता."

ज्या बाईला दोरा तुटायच्या आधी त्याचा ताण ऐकू येतो, जिनं भिंतीपलीकडून माझं उशीत दाबलेलं रडणं ऐकलेलं आहे, ती बाई माझ्यासाठी परक्या लोकांत बहिरी झाली. माझा हात काचेवर तसाच फिरत होता. पहिला विचार आला तो हाच, की बरं झालं, सुटले. त्या विचाराचीच मला सगळ्यात जास्त शरम वाटली.

मी कापड टाकलं आणि खिडकीशी गेले.

"मावशी, तुझे कान चांगले आहेत." आवाज मोठा निघाला. "तू 'तरी'च ऐकलंस. तसंच ऐकू यावं म्हणून मी तसं बोलले."

"अगं ए, हळू," खिडकीवाला पुटपुटला.

रांगेतल्या एका बाईनं हातातला कागद वर धरला. "म्हणजे आम्हालाही तसंच?"

"तुम्हालाही. हातून पडलं, भिजलं, तर हा कागद काही कामाचा नाही. तुमचा फोन पडणाराच असेल, तर नुसतं कव्हर घेतलं असतंत तरी भागलं असतं."

मघाचा तो गृहस्थ आता हसत नव्हता. आतून मॅनेजरची हाक आली, माझ्या नावानं.

मावशीनं फोन पिशवीत सरकवला, कागद घडी करून त्याच्यामागं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "लोकांपुढं कशाला बोललीस? मी सावरलं होतं की."

"तू माझ्यासाठी खोटं बोललीस, मावशी."

"तू काउंटरवर बोललीस तेव्हाच कळलं होतं मला." ती पिशवीच्या नाड्या बांधत होती. "लहानपणी माझी कात्री मोडून ठेवली होतीस, तेव्हाही अशीच हसली होतीस."

"मग घेतलीस कशाला?"

"तुझ्यामागं तो साहेब उभा होता ना."

मी विचारलं, "आणि मग आज? आज कशाला आलीस कागद घेऊन?"

मावशीनं गाठ एकदा ओढून पाहिली. "वाटलं, बघावं. कागद खरा निघाला असता, तर तूही खरी निघाली असतीस."

मॅनेजरनं पुन्हा हाक मारली. मी म्हटलं, "मावशी, बसपर्यंत सोडते तुला."

"नको," ती म्हणाली. "तू आधी आत जा."