दोन बोल्ट

मित्रांनो, मी शाळेच्या प्रयोगशाळेतले एक जुने लोखंडी कपाट आहे. पत्रा कापून, ठोकून, वेल्डिंगच्या ठिणग्यांत मला घडवले. माझ्या पोटात बरण्या, तराजू, चुंबके आणि एक लांबलचक स्प्रिंग असे. तीस वर्षे मी निमूट उभे होते. शिपाईकाका मला "हत्ती" म्हणत, तेव्हा माझी छाती फुगत असे.

ती स्प्रिंग विज्ञानाच्या बाईंची फार लाडकी. टेबलावर ती ताणून त्या सांगत, "भूकंपात जमिनीखाली खडक तुटला की लाटा सुटतात. पहिली ढकलत येते. ती चपळ, पण तिच्यात जोर कमी. दुसरी मागून येते, आडवी हिसडत. ती दांडगी! दोघींच्या मधले क्षण तेवढे आपले. लगेच टेबलाखाली शिरायचं आणि टेबल घट्ट धरायचं."

एकदा काका म्हणाले, "बाई, हे धूड भिंतीला बोल्टने आवळून टाकू का?"

"अहो, कालच तर भिंतीला रंग दिलाय! सुट्टीत बघू. हत्ती काय पळून जातोय?"

मीही मनातल्या मनात हसले.

सुट्टीला चार दिवस उरले होते. तिसऱ्या तासाला खालून दणका बसला. बरण्या खणखणल्या. "पहिली आली!" बाई ओरडल्या. मुले पटापट टेबलांखाली शिरली. एक मुलगी मात्र माझ्यासमोर थिजून उभी राहिली. बाई धावल्या, त्यांनी तिला टेबलाखाली लोटले, आणि तेवढ्यात दुसरी आली.

जमिनीने मला गदागदा हिसडले. छताचे प्लास्टर कोसळले, काचा फुटून उडाल्या. माझे मागचे पाय उचलले गेले. मला थांबायचे होते हो! पण मला धरून ठेवणारे काहीच नव्हते. मी बाईंच्या अंगावर कोसळले. त्यांचे हाड कडकन मोडलेले मला कळले. माझ्या दाराखालून रक्त वाहू लागले. तशाही त्या ओरडत होत्या, "टेबल सोडू नका! कुणी बाहेर येऊ नका!"

एकाही मुलाला खरचटलेसुद्धा नाही. बाईंचा पाय मात्र गुडघ्याखाली कापावा लागला.

सहा महिन्यांनी त्या कुबडी टेकत आल्या. माझ्या चेपलेल्या दारावर हात ठेवून काकांना म्हणाल्या, "मुलांना सगळं शिकवलं हो मी. हे दोन बोल्ट तेवढे राहिले. पाडा भोकं."

आता मी जागचे हलत नाही. पण ते कडकन मोडणे मी विसरू शकत नाही.

मित्रांनो, तुमच्या पलंगाशेजारीही माझे एखादे भावंड उभे असेल. त्याला भिंतीशी धरून ठेवणारे काही आहे का, ते आजच घरच्यांना विचारा. "भिंत खराब होईल" असे कुणी म्हणालेच, तर त्यांना माझी गोष्ट सांगा. भिंतीला रंग पुन्हा देता येतो.