बॅनरवरची भाविनी

मदत करायला गेले होते मी, हे आधीच सांगून ठेवते. डहाणूच्या दक्षाताईंच्या मंडळाने तलासरीकडच्या अनाथ मुलांच्या वसतिगृहासाठी आनंदमेळा भरवला होता. आमच्या झाई गावच्या बायकांनी एक स्टॉल लावावा म्हणून त्या स्वतः आमच्या दारात आल्या, आणि मी लगेच हो म्हटलं. बोंबील आमचे, तेल आमचं, येणारा सगळा पैसा त्या पोरांचा. माझा नवरा जतीन बोटीवर निघताना मला बजावून गेला होता, "ताजा माल ने हां कल्पिता. उरलंसुरलं नको नेऊस."

मैदानात पोचून टोपली खाली ठेवली आणि समोर बघितलं. स्टेजच्या मागे, दोन बांबूंच्या मध्ये, माझी मुलगी. दाराएवढा फोटो.

"आई, मी!" भाविनी टाळ्या पिटायला लागली. सहा वर्षांची पोर, अजून अक्षरं लावत लावत वाचते. तिला फक्त आपला फोटो दिसला. मला त्याखालचं दिसलं. 'हिला आई-बाप नाहीत. तुम्ही आहात ना?'

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. फोटो कधीचा तेही ओळखलं. दक्षाताई आल्या त्या दिवशी भाविनी माझ्याबरोबर किनाऱ्यावर सुकत घातलेली मासळी उलटत होती. केस पिंजारलेले, गालाला वाळू, फ्रॉक खांद्यावर उसवलेला. मासळीत बसायला नवा फ्रॉक कोण घालतं? "किती गोड!" म्हणत त्यांनी मोबाइल काढला होता.

आमच्याकडे बोटीवर निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. तो परत येईपर्यंत घरात कुणी वेडंवाकडं बोलत नाही. आणि इथे जतीन भर दर्यात असताना या बाईने त्याला मारून टाकला होता! मलाही मारलं होतं, पण मी निदान समोर उभी होते.

दक्षाताई खुर्च्यांना कव्हरं घालून घेत होत्या. त्यांचा हात धरून मी त्यांना बॅनरसमोर आणलं.

"हे काय आहे?"

"अगं, रागावू नकोस. वसतिगृहाच्या मुलांचे फोटो लावायला परवानगी नाही, नियम आहे. मग लहान मुलाचा चेहरा आणायचा कुठून?"

"तुम्हाला नातू आहे ना? त्याचा लावायचा होता."

"काहीतरीच काय! असं अभद्र बोलू नये."

"वा! तुमच्या नातवाचं अभद्र, आणि माझ्या पोरीचं बॅनरवर?"

त्यांनी आवाज खाली आणला. "पाहुणे येतीलच इतक्यात. आता बॅनर काढला तर किती वाईट दिसेल. त्या मुलांकडे बघ जरा. त्यांच्यासाठी एक दिवस सोस. पुण्याचं काम आहे."

त्या पोरांचं नाव मध्ये आणलं की माझं तोंड बंद होणार, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. वसतिगृहाची मुलं सतरंजीवर रांगेत बसून दुसऱ्यांच्या हातातले फुगे बघत होती. त्यांना कुणी उठू देत नव्हतं. मी दातओठ खात कढई तापवायला गेले.

पाहुण्यांची गाडी आली. ते स्टेजवर जाऊन बसले, टाळ्या झाल्या. तेवढ्यात भाविनी आली. हातात कुणीतरी दिलेला बिस्किटांचा पुडा, आणि तोंड एवढंसं झालेलं.

"काय झालं गं?"

तिने माझ्या कानाशी तोंड आणलं. "आई, एक काकू मला बिचारी बिचारी करत होती. मी बोलली, माझा पप्पा बोटीवर आहे. तर दक्षाताई बोलल्या, आज असं नाय सांगायचं. पाव्हणे गेले की सांगायचं."

गॅस बंद केला, एवढं भान राहिलं. बोंबील कापायची सुरी उचलली, दुसऱ्या हाताने पोरीला धरलं आणि स्टेजच्या पायऱ्या चढले. दक्षाताई माइकवर पाहुण्यांचे आभार मानत होत्या. सुरी बघून पाहुणे खुर्चीसकट मागे सरकले. सरकेनात का! मी दोऱ्या कापल्या. बॅनर खाली आला, आणि मागे कुणाच्या तरी घराची भिंत आणि वाळत घातलेले कपडे दिसायला लागले.

"कल्पिता, वेड लागलंय का तुला?"

"हो, लागलंय." मी त्यांच्या हातातून माइक ओढून घेतला, खाली वाकले आणि तो भाविनीच्या तोंडासमोर धरला. "सांग बाय सगळ्यांना. तुझा पप्पा कुठे आहे?"

भाविनीने माझ्याकडे बघितलं. मग पाहुण्यांकडे बघितलं. मग दक्षाताईंकडे वळली आणि अगदी हळू बोलली, पण माइकमुळे ते पार गेटपर्यंत ऐकू गेलं.

"ताई, पाव्हणे गेले नाय अजून. सांगू?"